तोंड फिरवा!

वरणगावात नानांच्या दुकानात कोणी कार्डाने पैसे द्यायला लागलं की बाकी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. हा नानांचा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. "फिरा रे, फिरा! काका पिन टाकू राह्यले!" असा पुकारा झाला की साबुदाणा मागणारी आक्का, पेन्सिलीला आलेलं पोरगं, चहापत्तीचा भाव विचारणारा पाहुणा आणि नानांचा स्वतःचा नोकर, सगळे एका दमात भिंतीकडे वळतात. भिंतीवर लक्ष्मीचा फोटो आहे. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, आरती चालू आहे. मागे एकदा साबणाच्या कंपनीचा एजंट ऐन वेळी आत आला. त्याने मुकाट्याने बूट काढले, हात जोडले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

नाना स्वतः डोळे मिटतात. मिटतात म्हणजे घट्ट, डोळ्यात साबण गेल्यासारखे. तशाच अवस्थेत चौकशी चालू राहते.

"दाबले का चारही आकडे?"

"दाबले."

"हिरवं बटन?"

"दाबलं."

"मंग उघडू?"

"उघडा."

मग नाना आधी एक डोळा उघडतात. कागद बाहेर यायला लागला, त्याची ती किरकिर कानी पडली, की दुसरा. नंतर भिंतीकडच्या मंडळींना मोकळीक मिळते.

नानांचं खरं नाव मी लिहीत नाही, त्याला कारण आहे. "तुमच्यावर लिहू का?" असं मी रीतसर विचारलं होतं. पाच मिनिटं गप्प राहून ते म्हणाले, "लिही. पन नाव टाकू नको. नाव छापलं का मंग नंबर शोधतात. नंबर सापडला का फोन येतो. फोन आला का ओटीपी मागतात. माह्या तोंडात काही राहत नही, मी देऊन टाकीन." इतका स्वतःला ओळखून असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वरणगाव म्हणजे भुसावळच्या पुढे, नागपूरकडे जाताना लागणारं गाव. जवळ तापीवरचं हतनूरचं धरण आणि १९६४ साली उभी राहिलेली ऑर्डनन्स फॅक्टरी. २०२१ पासून कागदोपत्री ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडची झाली, गावाच्या तोंडी मात्र नुसती 'फॅक्टरी'. सैन्याच्या बंदुकांना लागणाऱ्या गोळ्या तिथे बनतात. थोडक्यात, गावात गोळ्या मिळायची ठिकाणं दोन. फॅक्टरीतल्या सरहद्दीवर जातात. नानांच्या बरणीतल्या, सुट्ट्या पैशांऐवजी, गिऱ्हाइकाच्या हातावर पडतात. माझे वडील फॅक्टरीत होते, त्यामुळे माझं लहानपण दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांवर गेलं. आठ आणे परत यायचे असले की एक लिमलेट. रुपया यायचा असला तर दोन, आणि वर "दात घास रे भो" हा सल्ला.

पैशाच्या बाबतीत नाना डोळ्यांपेक्षा कानावर विसंबणारे. गल्ल्याच्या उजव्या हाताला शहाबादी फरशीचा एक तुकडा होता. आलेलं प्रत्येक नाणं त्यावर पडायचं. खणखणलं तर गल्ल्यात, नाहीतर परत. नोट आली की ती दोन बोटांत धरून कानाजवळ नेऊन फडफडवायची, मग उन्हात धरायची, मग उलटी करून पुन्हा उन्हात. शंभराची नोट दिली तर मागच्या माणसाची दाढी वाढायची. मध्यंतरी दहाच्या नाण्यांची अफवा उठली, अमक्या छापाचं खरं आणि तमक्या छापाचं खोटं. नानांनी दहाची सगळीच नाणी बंद करून टाकली. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की दहाचं नाणं चौदा वेगवेगळ्या छापांचं आहे आणि चौदाही चालतात. वाचनालयातून कोणीतरी तो पेपरच आणून दाखवला. नाना म्हणाले, "चौदा? मंग तं माले अजून तेरा पाह्यचे बाकी आहेत." आणि बंदी कायम ठेवली.

अशा माणसाच्या दुकानात कार्डाचं मशीन आलं ते ८ नोव्हेंबर २०१६ नंतर. हौसेने नाही आलं. पाचशे-हजाराच्या नोटा रातोरात गेल्या, गिऱ्हाइकाच्या हाती रोकड उरली नाही आणि नानांच्या दुकानात माशा उरल्या. माशा उधारीसुद्धा नेत नाहीत. आठवड्याभराने नाना बँकेत गेले, तीन ठिकाणी सह्या करून आले, आणि काही दिवसांनी एक पोरगा ते मशीन ठेवून गेला. नानांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी थोडं मशीनवर उडालं, म्हणून ते पुसून तासभर उन्हात ठेवलं. त्या तासात पहिलं गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

कार्डाबरोबर मराठीत एक क्रियापद आलं होतं: घासणे. भांडी घासावी, दात घासावे, तसं कार्ड घासावं. नानांना ते पटलं. घासण्यात मेहनत आहे, आणि मेहनतीशिवाय पैसा येत नाही यावर त्यांची श्रद्धा. गिऱ्हाइकाचं कार्ड घेऊन आधी ते स्वतःच्या पायजम्यावर पुसत, फुंकर मारत आणि मग खाचेतून असं ओढत की आगपेटीवर काडी ओढताहेत. पण नशीब असं, की नाना घासायला शिकले तेव्हा घासण्याचा जमाना सरत आला होता. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०१३ पासूनच दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन सक्तीचा केला होता. नवी कार्डं चिपची येत होती. जुनी, मागे नुसती काळी पट्टी असलेली कार्डंही लोकांच्या खिशात होतीच. म्हणजे एकाच रांगेत पहिल्याचं कार्ड घासायचं, दुसऱ्याचं आत घालायचं, तिसऱ्याचं काय करायचं ते त्यालाही ठाऊक नाही.

नाना सगळीच घासत. चिपचं कार्ड घासलं की मशीन अडून बसे. पट्टीवरच एक आकडा असतो, 'मी चिपवाला आहे' असं तो मशीनला सांगतो. मग मशीन पट्टीचं काही ऐकून घेत नाही, कार्ड आत घाला एवढंच म्हणत राहतं. ते म्हणे इंग्रजीत. नाना पुन्हा घासत. मशीन पुन्हा नकार देई. शेवटी पेन्सिलीला आलेलं पोरगं वाचून दाखवी, "नाना, खालून घाला म्हनते." नाना कार्ड खाली घालत, पण चिपचं टोक बाहेर ठेवून. मग उलटं करत. मग पुसत. तिसऱ्यांदा नाही जमलं की कंटाळून मशीनच म्हणे, बरं, घासा एकदाचं. त्या वेळी नानांच्या चेहऱ्यावर जे तेज येई! "पाह्यलं? आलं का नही ताळ्यावर?"

पुढे एका गिऱ्हाइकाने सांगितलं, चिप चालत नाही म्हणून घासायला भाग पाडणं ही चोरांचीही एक युक्ती असते. चिपची नक्कल करणं महाकठीण, पट्टीची सोपी. म्हणून चोर पट्टीची नक्कल करतो आणि चिप मुद्दाम बिघडवून ठेवतो. त्या दिवसापासून मशीनने परवानगी दिली तरी नाना घासत नाहीत. चिप वाचली गेली नाही तर माणूस ओळखीचा असो, व्याही असो, सरळ सांगतात, "रोख काढा." आपल्या व्याह्याला त्यांनी खरंच असं सांगितलेलं आहे. दोन घरांत अजून बोलणं नाही.

दुकानात रेंज यायची नाही, हा वेगळाच खेळ होता. मशीनमधल्या सिमला दुकानाच्या जाड भिंती मानवत नसत, त्याला समोरच्या निंबाखाली न्यावं लागे. कार्ड मशीनमध्ये खोचलेलं, मशीन नानांच्या हातात, नाना पुढे. कार्ड नजरेआड होऊ द्यायचं नाही असं बँकेने सांगितलेलं, म्हणून गिऱ्हाईक मागे. सामान घेऊन पळेल म्हणून गिऱ्हाइकामागे नोकर. दुकानात कोणीच नाही म्हणून पुढचं गिऱ्हाईकही बाहेर. अशी मिरवणूक रस्ता ओलांडून निंबाखाली जाई. तिथे बाकड्यावर पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांना हुकूम: "तोंड फिरवा!" म्हातारे कुरकुरत फॅक्टरीच्या दिशेला वळत. मे महिन्यात भुसावळकडचं ऊन पंचेचाळिशी ओलांडतं. त्या उन्हात भर दुपारी पाव किलो बेसनासाठी चार माणसं निंबाखाली मशीनच्या काचेकडे बघत उभी, आणि मशीन म्हणतंय, थांबा.

त्यातून पैसे आले ते नानांना दिसत नसत. दिसायची ती चिठ्ठी. तीच त्यांच्या लेखी पैसा. पहिल्या दिवशीची पहिली चिठ्ठी, दोनशे चाळीस रुपयांची, त्यांना जपून ठेवायची होती, पहिल्या कमाईची नोट देव्हाऱ्यात ठेवतात तशी. मुलगा म्हणाला, झेरॉक्स काढून ठेवा. नाना म्हणाले, झेरॉक्स कसली, लॅमिनेशनच करू. भुसावळला गेले, स्टेशनजवळच्या दुकानात चिठ्ठी दिली. ती गरम रुळांमधून आत गेली आणि पलीकडून निघाली ती दगडी पाटीसारखी काळी कुळकुळीत. एक अक्षर नाही. त्या चिठ्ठ्यांना शाई नसते, उष्णतेनेच कागद काळा होतो आणि तेच अक्षर. सगळ्या कागदाला चटका बसला की सगळाच कागद अक्षर. हे दुकानदाराने समजावून सांगितलं, पण लॅमिनेशन झाल्यावर. नानांनी तिथे अर्धा तास भांडण केलं. "माहे दोनशे चाळीस रुपये जाळले यानं." अर्धा तास तो माणूस एकच वाक्य म्हणत राहिला, पैसे खात्यात आहेत काका, खात्यात आहेत. ती काळी पाटी नानांनी टाकली नाही. गल्ल्याखाली अजून आहे. कोणी कार्डाची फार तारीफ करायला लागलं की ती काढून पुढे ठेवतात, "वाच."

पट्टी आणि चिप यातला फरक नानांना बँकेने दिलेल्या पत्रकातून कळला नाही. मला वाटतं, तो पत्रक लिहिणाऱ्यालाही कळला नसावा. नानांना तो समजावला फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका दरबानाने, तंबाखू घ्यायला आला असताना. मी तिथे होतो.

"नाना, पट्टी म्हंजे काय? गेटपास. त्यावर लिहेल राह्यते ते कोनी पाहून उतरवलं का दुसरा पास तयार. तुमच्यासारखा गेटवर असला तं जाऊ देईन दोघायले. आन चिप म्हंजे काय? पहाऱ्याचा परवलीचा शब्द. आजचा येगळा, उद्याचा येगळा. चोरानं आजचा ऐकला तरी उद्या तो घेऊन आला का सापडला."

"म्हंजे कार्ड दर टायमाले नवा शब्द बोलते?"

"हाव."

"आन बँकेले कसा कळते तो खरा का खोटा?"

"दोघायपाशी एकच किल्ली राह्यते ना. तिच्यानं पडताळते."

नाना विचारात पडले. तंबाखूची पुडी अर्धी बांधून थांबली. "म्हंजे," ते म्हणाले, "मी म्हनतो ते शहाबादी फरशीवानी झालं. प्रत्येक टायमाले वाजवून पाह्यचं." मी चिपवर पुष्कळ वाचलं आहे. इतकं नेमकं मला कधी सुचलं नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. दरोडेखोर बँकेच्या दारात आलेच नाहीत. त्यांनी बँकेच्या संगणकात घुसून अशी तजवीज केली की खोट्या कार्डांनाही आतून होकार जावा. मग २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत माणसांनी नोटा उपसल्या, दोन दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात आणखी रक्कम गेली. एकूण चौऱ्याण्णव कोटी. वरणगावात या बातमीने एकच माणूस सुखावला. नानांनी कात्रण गल्ल्याच्या काचेखाली सरकवलं आणि साखरेच्या पुडीवर चौऱ्याण्णव कोटी आकड्यात लिहून पाहिले. शून्यांसाठी पुडी उलटी करावी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवून म्हणायचे, "मी सांगतच होतो." नाना काय सांगत होते, कोणाला सांगत होते, ते कोणाला आठवेना. पण त्यांच्या सुरात असा ठामपणा होता की दोन-तीन जणांनी, हो हो नाना, तुम्ही बोलले होते, असंही म्हणून टाकलं.

त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला जुन्या पट्टीच्या कार्डांची मुदत संपली. लोक मेलेली कार्डं घेऊन दुकानात यायचे आणि विचारायचे, आता याचं काय करायचं? बँक म्हणे, कापून टाका. नानांनी ती गोळा केली. "इकडे दे, वाया जाऊ नये काही." आज नानांच्या दुकानात तराजूच्या पारड्याला चिकटलेलं पीठ कार्डाने खरवडतात. गुळाच्या ढेपेचा चिकटा कार्डाने काढतात. बरणीतली बडीशेप कार्डाने सपाट करतात. एक लंगडी मांडणी आहे, तिच्या पायाखाली तीन वेगवेगळ्या बँका एकावर एक आहेत. प्रत्येक कार्डाची पट्टी मात्र नानांनी आधी कानसीने घासून काढली होती. घासण्याची हौस अशी शेवटची फिटली.

आता कोणी म्हणेल, एवढा त्रास तर मशीन ठेवलं कशाला, मोबाइल आहेत की. तर वरणगावची गोम इथेच. दारूगोळ्याच्या कारखान्यात मोबाइलला मज्जाव. शिफ्ट सुटून परस्पर सामान घेणाऱ्या माणसाच्या खिशात फोन असेलच असं नाही, कार्ड असतं. म्हणून बाकीच्या गावात कार्डाची मशीनं धूळ खात पडली तरी नानांचं चालू राहिलं. शिफ्ट सुटली की सायकली आणि मोटारसायकली थांबतात, कार्डं निघतात, आणि आठ-दहा माणसं एकमेकांसाठी आळीपाळीने भिंतीकडे वळतात. फॅक्टरीची माणसं कवायतीला सरावलेली. इतकं एकसाथ तोंड फिरवणं दुसऱ्या कुठल्या गावाला जमणार नाही.

मग आली नुसती टेकवायची कार्डं. घासणे गेलं, घालणे गेलं, आता टेकवणे. पिनसुद्धा नको. आधी दोन हजारांपर्यंत, १ जानेवारी २०२१ पासून पाच हजारांपर्यंत. हे कळलं त्या रात्री नानांना झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्ल्यापासून दोन हातांवर खडूने रेघ मारली. "खिशात कार्ड असन तं रेघेच्या मागं." मशीन जवळून गेलं तर खिशातल्या खिशात पैसे ओढून घेईल, ही त्यांची धास्ती. प्रत्यक्षात दोन-चार बोटांवर आणल्याशिवाय काही होत नाही आणि दुकानदाराने आधी रक्कम टाकावी लागते, हे मी सांगितलं. नाना म्हणाले, "तू पुन्यात राह्यतो, तुले काय." स्वतःचं कार्ड त्यांनी चांदीच्या कागदात गुंडाळलं, त्यावर रबर. मुलं हसली. मी हसलो नाही. चांदीच्या कागदातून त्या लहरी खरोखरच जात नाहीत. या देशात बँकेच्या सूचनेहून चोख बंदोबस्त केलेलं एखादं कार्ड असेल, तर ते वरणगावात आहे. फक्त नानांना ते वापरायचं असलं की उलगडायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ते वापरायचा विचार सोडून देतात. त्या कार्डावरून आजवर एक रुपयाही चोरीला गेलेला नाही. खर्चही झालेला नाही.

क्यूआर कोडचा पुठ्ठा मुलाने आणला. नानांना पहिल्यांदा ते भरतकामाचं डिझाइन वाटलं. मग कुठेतरी ऐकलं की चोर रात्रीतून दुकानाच्या कोडवर आपला कोड चिकटवून जातात, गिऱ्हाईक पैसे देतं आणि ते दुसऱ्याच्याच घरी जातात. तेव्हापासून पुठ्ठा रोज रात्री तिजोरीत जातो, गल्ला उघडाच राहतो. सकाळी देवाची पूजा झाली की पुठ्ठा बाहेर येतो, नखाने त्याच्या चारी कडा खरवडून वर काही चिकटलंय का ते पाहतात, मग मुलाला हाक. मुलगा आपल्या फोनवरून एक रुपया पाठवतो. तो आपल्याच खात्यात आला याची खात्री झाली की नाना बोहनी झाली म्हणून हात जोडतात. तो एक रुपया मुलगा संध्याकाळी परत मागतो. नाना त्याला लिमलेटची गोळी देतात.

गोळ्या तेवढ्याच कामाला उरल्या. सुटे पैसे द्यायची वेळच येत नाही. सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे झाले तर लोक तेवढेच टाकतात. बरणीकडे बघून नाना म्हणतात, "सरकारनं माह्या गोळ्या बंद केल्या. फॅक्टरीच्या चालू ठेवल्या."

एकदा मोटारसायकलवर आलेल्या एका तरुणाने दोन हजारांचं तेल-तूप घेतलं आणि पैसे पाठवल्याचा फोटो फोनवर दाखवला. हिरवी खूण, रक्कम, सगळं होतं. नानांनी फोन हातात घेतला नाही. म्हणाले, "फोटोतली भाकर खाल्ली का पोट भरते का?" आणि तेलाचा डबा गल्ल्याच्या आत ओढला. तरुण म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे, येतील. नाना म्हणाले, "येतील तवा डबा जाईन. बस." त्याला पाण्याचा तांब्या दिला. तो पाणी पिऊन गेला तो गेलाच. ही गोष्ट नाना सांगतात तेव्हा तरुणाचं वय आणि तेलाचे डबे दर वेळी वाढतात, पण पाण्याचा तांब्या एकच असतो.

या सगळ्यावर उतारा म्हणून बोलका डबा आला. पैसे आले की तो मराठीत मोठ्याने रक्कम सांगतो. नाना त्याच्यावर जीव टाकतील असं मला वाटलं होतं. आयुष्यभर कानाने पैसा ओळखणाऱ्या माणसाला पुन्हा आवाज मिळाला होता. पण अडचण अशी की तो आवाज सगळ्यांनाच मिळाला. शेजारचा स्टेशनरीवाला दिवसभर ऐकून संध्याकाळी म्हणे, "नाना, आज साडेअकरा हजार झाले तुमचे." नाना हादरले. त्यातच २०२५ च्या जुलैत बंगळूरच्या छोट्या दुकानदारांना मोबाइलवर आलेल्या पैशांच्या हिशेबावरून जीएसटीच्या नोटिसा आल्याची बातमी आली. तेव्हापासून डबा पोत्यात आहे. खरंच पोत्यात, तुरीच्या डाळीच्या, तोंडापर्यंत पुरलेला. पैसे आले की डाळीतून 'हम्म-हम्म' असं काहीतरी येतं. गिऱ्हाइकाला काही कळत नाही. नाना मान तिरकी करतात, पोत्याला कान लावतात, आणि म्हणतात, "आले. पन पाच रुपये कमी."

ते खरंच पाच रुपये कमी असतात.

परवा दिवाळीला गेलो होतो. आईने यादी दिली होती, त्यात पोह्यांपासून उटण्यापर्यंत सगळं. सामान बांधून झालं, सातशे ऐंशी रुपये झाले आणि माझ्या फोनचा जीव गेला. कार्ड पुण्याला राहिलेलं. मी ओशाळलो. नानांनी काही न बोलता गल्ल्याखालून लाल कापडाची खतावणी काढली.

मी ती लहानपणापासून बघत आलो होतो, पण आतून कधीच नाही. या वेळी ती माझ्यासमोरच उघडली आणि पान उलटताना मला दिसलं की त्यात एकही नाव नव्हतं. 'तिसऱ्या शिफ्टचा जावई.' 'निळी सायकल.' 'चार पोरीवाली.' 'बिडी-बायकोला-सांगू-नको.' पानामागून पान असंच. मी विचारलं, नाना, हे काय? "अरे भो, गावात कोनाच्याबी हाती लागते वही. मानसाची उधारी म्हंजे काय पेपरात छापायची गोष्ट हाय का? कोनाची बायको येते, कोनाचा भाऊ येते. वाचला तरी समजलं नही पाहिजे."

१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आणि कंपन्यांना गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर स्वतःकडे साठवून ठेवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली. त्याऐवजी एक बदली खूण ठेवायची, जी चोराच्या हाती लागली तरी त्याला तिचा काही उपयोग नाही. तिला टोकन म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांना हे करायला मुदतवाढीवर मुदतवाढ घ्यावी लागली. 'निळी सायकल' म्हणजे कोण हे नाना सोडून जगात कोणाला ठाऊक नाही, आणि मुळात तो माणूस कित्येक वर्षांपासून मोटारसायकल चालवतो.

"माझ्या वडिलांचं काय लिहायचा?"

"ते सांगत नही."

"आणि माझं?"

नानांनी पान शोधलं, टोपण काढलं, आणि पारड्यातलं पीठ खरवडायचं ते मेलेलं कार्ड ओळीवर आडवं धरलं. मी वाकून पाहायला गेलो. साबुदाणावाल्या आक्काही वाकल्या. पेन्सिलवालं पोरगं तर गल्ल्यावरच चढलं.

"तोंड फिरवा!"

आम्ही सगळे भिंतीकडे वळलो. लक्ष्मीच्या फोटोला नवा हार घातलेला होता. पाठीमागे पेन कुरकुरत होतं. बराच वेळ कुरकुरत होतं. नाव चांगलं लांबलचक असावं.